निकाल कोणत्या वर्षीचा?

शिक्षकांनी दूरच्या उद्दिष्टांच्या गोष्टी करू नयेत, असे मानणारा एक मोठा वर्ग आहे आणि तो अडाण्यांचा नाही. त्याचे म्हणणे थोडक्यात असे. विचारी नागरिक घडवणे, शिकण्याची गोडी लावणे ही वाक्ये शाळेच्या भिंतीवर रंगवायला ठीक आहेत. पण वीस वर्षांनी काय झाले ते तपासायला कोणी येत नाही, म्हणून त्या वाक्यांच्या आडोशाला आज काहीच न करणाराही निवांत बसू शकतो. त्यापेक्षा यंदा किती मुले शिष्यवृत्तीधारक झाली, किती वाचायला लागली, दहावीचा निकाल किती लागला ते सांगा. आधी आकडा दाखवा, तत्त्वज्ञान मग. गावातल्या चौकात लागणाऱ्या अभिनंदनाच्या फ्लेक्सपासून तालुक्याच्या आढावा बैठकीपर्यंत हीच भाषा चालते. या म्हणण्यातला निम्मा भाग मला मान्य आहे. तो कोणता हे ओघाने येईलच. मान्य नाहीत ती त्याच्या बुडाशी असलेली दोन गृहीते. पहिले असे, की यंदाचा आकडा आणि दूरचे उद्दिष्ट एकाच रस्त्यावर असतात, त्यामुळे आकडा गाठला की उद्दिष्ट आपसूक जवळ येते. दुसरे असे, की दूरचे उद्दिष्ट तपासताच येत नाही. दोन्ही चुकीची आहेत, आणि ती चुकीची असल्याचा पुरावा उपलब्ध आहे.

नेसरीसारखे गाव डोळ्यांसमोर ठेवले तर हा वाद कुठे अडतो ते लवकर कळते. गडहिंग्लज तालुक्यातले, चंदगडच्या वाटेवरचे हे बाजाराचे गाव. भोवतालच्या खेड्यांतली मुले आपापल्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीपर्यंत, कुठे सातवीपर्यंत शिकतात. मग कोणत्या तरी संस्थेच्या हायस्कूलला जातात. तिथून ज्युनिअर कॉलेज, आणि पुढे गडहिंग्लज, कोल्हापूर, बेळगाव किंवा पुणे. या प्रवासात शाळा बदलते, शाळा चालवणारा बदलतो, तपासणारा अधिकारीही बदलतो, कारण प्राथमिकचा शिक्षणाधिकारी वेगळा आणि माध्यमिकचा वेगळा. दुसरीत गणित कसे शिकवले याचा खरा परिणाम सातवी-आठवीत दिसतो, पण तो दुसऱ्याच इमारतीत, दुसऱ्याच शिक्षकासमोर दिसतो आणि त्याची खबर पहिल्या शिक्षकापर्यंत कधी पोचत नाही. हायस्कूलच्या शिक्षकांची तक्रार असते की यांना खाली काही शिकवलेलेच नाही. प्राथमिकचे शिक्षक म्हणतात, आमच्याकडून तर चांगली मुले गेली होती, गुणपत्रके पाहा. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसतो. गुणपत्रक खरे आणि आठवीतला गोंधळही खरा, असे कसे होते, हा खरा प्रश्न आहे. आकड्यांच्या समर्थकांकडे त्याला उत्तर नाही, कारण त्यांच्या हिशेबाचे साल मार्च-एप्रिलमध्ये संपते.

या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर आले ते अमेरिकेच्या कोलोरॅडोतल्या हवाई दलाच्या अकादमीतून. स्कॉट कॅरेल आणि जेम्स वेस्ट यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाला एक दुर्मीळ सोय लाभली होती. तिथे विद्यार्थ्यांना तुकड्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा वाटून मिळतात, पहिल्या वर्षीच्या गणिताची परीक्षा सर्वांना एकच असते आणि पुढचे गणित-विज्ञानाचे अभ्यासक्रमही सर्वांना सक्तीचे असतात. त्यामुळे 'त्याच्या वर्गात मुळातच हुशार मुले होती' ही सबब उरत नाही. निष्कर्ष असा निघाला की ज्या प्राध्यापकांच्या विद्यार्थ्यांना पहिल्या अभ्यासक्रमात जास्त गुण पडले आणि ज्यांना विद्यार्थ्यांनी चांगला शेरा दिला, त्यांचेच विद्यार्थी पुढच्या अभ्यासक्रमांत तुलनेने मागे पडले. अनुभवी आणि अधिक शिकलेल्या प्राध्यापकांच्या तुकड्यांचे उलट झाले: पहिल्या परीक्षेत गुण बेताचे, पुढे कामगिरी सरस. म्हणजे एकाच वर्षाचा निकाल पाहून शिक्षकांची क्रमवारी लावली असती, तर ती बरीचशी उलटी लागली असती. यावर कोणी म्हणेल की ती लष्करी अकादमी, ते वयाने वाढलेले विद्यार्थी, त्यांचा आमच्या वाडीवरच्या शाळेशी संबंध काय. आक्षेप रास्त आहे. एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये. म्हणून हे घडते कसे, ते आपल्याच वर्गातल्या गणितात पाहू.

दुसरी-तिसरीत 'बरोबर'च्या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिही' असा मुलाच्या मनात सहज बसतो, कारण समोर येणारे प्रत्येक उदाहरण त्याच साच्याचे असते: डावीकडे क्रिया, उजवीकडे रिकामी जागा. या समजुतीने चार-पाच वर्षे काहीही अडत नाही. घटक चाचणीत पैकीच्या पैकी मिळतात. पण ८ + ४ = ☐ + ५ असे लिहून दिले की गाडी अडते. अमेरिकेत १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहावीच्या १४५ मुलांना हाच प्रश्न घातला होता. सर्वच्या सर्व मुलांनी चौकोनात १२ किंवा १७ लिहिले. उत्तर ७ आहे. त्या मुलांना बेरीज येत नव्हती असे नाही, दोन्ही बाजू सारख्या असाव्या लागतात ही कल्पनाच त्यांच्याकडे नव्हती. आणि ती नसताना सातवी-आठवीतले समीकरण म्हणजे केवळ 'पद पलीकडे नेले की चिन्ह बदलते' असा मंत्र उरतो. शाब्दिक उदाहरणांचेही तसेच. 'एकूण' आले की बेरीज, 'उरले' आले की वजाबाकी, 'प्रत्येकी' आले की भागाकार, ही किल्ली मुलाच्या हातात दिली की महिन्याभरात वर्ग टकाटक उत्तरे देऊ लागतो. मग एके दिवशी असे उदाहरण येते: रमेशकडे सुमनपेक्षा पाच गोट्या जास्त आहेत, रमेशकडे बारा आहेत, तर सुमनकडे किती? 'जास्त' हा शब्द पाहून मूल बेरीज करून मोकळे होते. गुणाकार केला की संख्या वाढते, हा नियमही तसाच: पूर्णांकांत कामाला येतो, आणि अपूर्णांक आले की मुलाचा स्वतःवरचा विश्वास उडवतो. या युक्त्या वाईट शिक्षक वापरतात असे मुळीच नाही. त्या कष्टाळू शिक्षक वापरतात, कारण त्या आजच्या चाचणीला उपयोगी पडतात. जो शिक्षक युक्ती न देता तराजू आणि मणी घेऊन 'दोन्ही बाजू सारख्या' ही कल्पना रुजवण्यात आठवडे घालवतो, त्याचा वर्ग त्या महिन्याच्या चाचणीत मागेही दिसू शकतो. वार्षिक आकड्याच्या तराजूत हा शिक्षक हलका ठरतो. पहिले गृहीत मोडते ते इथे.

स्मरणाच्या अभ्यासकांनी हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दाखवली आहे. डग रोअरर आणि केली टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी घनफळाची उदाहरणे एकेका प्रकाराची सलग सोडवली, तर काहींनी सर्व प्रकार मिसळून. सरावाच्या वेळी सलग सोडवणाऱ्यांची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, मिसळून सोडवणाऱ्यांची फक्त ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा सलगवाल्यांचे २० टक्के उरले आणि मिसळून सोडवणाऱ्यांचे ६३. सरावाच्या वेळी वर्गात डोकावणाऱ्या अधिकाऱ्याने कोणत्या गटाला शाबासकी दिली असती, हे सांगायला नको. एका प्रकारची वीस उदाहरणे, मग दुसऱ्या प्रकारची वीस, अशी रचना असलेले सराव संच आपल्याकडे इतके लोकप्रिय का आहेत, याचाही उलगडा इथे होतो: ते सोडवताना मुलाला येतेय असे वाटते, शिक्षकाला शिकवलेय असे वाटते आणि पालकाला पैसे वसूल झालेसे वाटते. त्याच सुमारास, २००६ मध्ये, रोएडिगर आणि कार्पिक यांनी दाखवले की उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी अधिक आठवते, पण आठवड्याने अधिक आठवते ते वाचून झाल्यावर स्वतःची परीक्षा घेणाऱ्यांना. हे मुद्दाम नोंदवतो, कारण दूरच्या उद्दिष्टांची बाजू घेणारे पुष्कळ जण परीक्षेलाच शत्रू ठरवून बसतात. परीक्षा शत्रू नाही. आठवायला लावणारी, मागचे पुढचे मिसळून विचारणारी, गुणांची वही न उघडता घेतलेली चाचणी हे दूरचा पल्ला गाठण्याचे उत्तम साधन आहे. मुळात २०१० साली शिक्षणहक्क कायद्यापाठोपाठ आपल्याकडे आलेल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा हेतू असाच काहीसा होता. नोंदवह्या भरण्याच्या धांदलीत तो हेतू बाजूला पडला, ही वेगळी कथा.

आकडा म्हणजे वस्तुस्थिती, असे मानणाऱ्यांनी दहावीच्या निकालाकडे एकदा शांतपणे पाहावे. राज्याचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. २०२० मध्ये ९५.३० वर चढला आणि २०२१ मध्ये ९९.९५ वर. महाराष्ट्रातली पंधरा-सोळा वर्षांची मुले एका वर्षात इतकी ढेपाळली आणि पुढच्याच वर्षी इतकी हुशार झाली, असे कोणी म्हणणार नाही. २०१९ ला भाषा आणि समाजशास्त्रातले शाळेच्या हातातले अंतर्गत गुण काढून घेतले होते, ओरड झाल्यावर ते परत दिले. २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. २०२१ ला परीक्षाच न होता अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला. फूटपट्टी बदलली, मुलांची उंची तीच होती. तरीही या चारही वर्षी 'आमच्या शाळेचा निकाल' म्हणून अभिनंदन आणि झाडाझडती दोन्ही झाली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकातच बजावून ठेवले होते की एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगले जातील, तितका तो आकडा बिघडेल आणि ज्या गोष्टीचे मोजमाप तो करतो तीही बिघडवेल. दहावीच्या बाबतीत यातली पहिली अर्धी भविष्यवाणी तरी सरकारी निकालपत्रांनीच खरी ठरवली आहे.

आता सर्वांत वजनदार आक्षेपाकडे येतो. नेसरीच्या परिसरातल्या शेतमजुराच्या किंवा दोन एकर उसावर जगणाऱ्या घरातल्या मुलासाठी परीक्षा ही एकमेव शिडी आहे. सहावीच्या प्रवेशाची नवोदय, शिष्यवृत्ती, आठवीची एनएमएमएस, पुढे पोलीस भरती, सैन्यभरती, एमपीएससी: प्रत्येक पायरीवर गुणच विचारतात. शहरातल्या सुखवस्तू घरातले मूल आकलनाच्या आनंदात रमले तरी त्याला बापाच्या ओळखी सांभाळून घेतील. याला कोण सांभाळेल? गडहिंग्लज, आजरा, चंदगड या पट्ट्यातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत माणसे पाठवली. शिकून बाहेर पडणे म्हणजे काय, हे या घरांना कोणी समजावून सांगावे लागत नाही. शिष्यवृत्तीच्या गुणवत्ता यादीत कोल्हापूर जिल्हा वर असतो त्यामागे पहाटे आणि संध्याकाळी जादा तास घेणाऱ्या, सुटीतही वर्ग उघडे ठेवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांचे फुकट केलेले कष्ट आहेत, आणि त्यांना हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही. मी परीक्षा सोडा असे म्हणतच नाही. माझा प्रश्न शिडीच्या पुढच्या पायरीचा आहे. शिष्यवृत्तीच्या दोन पेपरांत मिळून दीडशे बहुपर्यायी प्रश्न आणि तीनशे गुण असतात. पर्याय गाळत उत्तरापर्यंत पोचण्याचे कौशल्य तिथे कामाला येते. तेच मूल दहावीच्या कृतिपत्रिकेत स्वतःच्या शब्दांत उत्तर लिहिताना किंवा अकरावी विज्ञानाला व्युत्पत्ती मांडताना ते कौशल्य पुरत नाही. ही परीक्षा १९५४-५५ पासून चालत आली. २०१६-१७ ला ती चौथी-सातवीवरून पाचवी-आठवीवर गेली आणि २०२५ मध्ये सरकारने ती पुन्हा चौथी-सातवीवर आणायचे ठरवले. मधल्या काळात परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या घटली, गावातली शाळा चौथीलाच संपते तर पाचवीची परीक्षा कोणाची, अशी चर्चा झाली, आणि ती योग्यच होती. पण जी मुले शिष्यवृत्तीधारक झाली ती चार-सहा वर्षांनी कुठे आहेत, त्याच वर्गातली न झालेली मुले कुठे आहेत, हा प्रश्न त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आला नाही. गरिबाच्या मुलाला शिडीची गरज जास्त आहे, हे खरे. म्हणूनच मधल्या पायऱ्या निखळलेली शिडी त्यालाच अधिक महागात पडते. सुखवस्तू मूल आठवीत शिकवणी लावून कच्चेपण भरून काढते. याच्याकडे तो मार्ग नाही. आणखी एक गोष्ट उघडपणे बोलायला हवी. वर्गातल्या तीस मुलांतली आठ-दहा 'बसवण्यासारखी' म्हणून निवडली जातात तेव्हा उरलेल्या वीस जणांचे त्या वर्षीचे उद्दिष्ट काय होते, हे कोणत्याही फ्लेक्सवर छापलेले नसते.

उत्तरदायित्वाचा मुद्दा उरतो. मोजमाप सैल केले की कामचुकारांचे फावेल, हे म्हणणे हवेतले नाही. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातल्या सरकारी प्राथमिक शाळांत केलेला, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला मोठा प्रयोग माझ्या बाजूला गैरसोयीचा वाटावा असा आहे: मुलांच्या गुणवाढीवर शिक्षकांना बोनस दिला तेव्हा दोन वर्षांत गणित आणि भाषेत ठळक सुधारणा झाली, आणि ज्या विज्ञान-समाजशास्त्रावर बोनस नव्हता त्यांतही झाली. पण तपशील पाहावा. बोनस अव्वल आलेल्या मोजक्या मुलांवर नव्हता, सर्व मुलांच्या सुधारणेच्या सरासरीवर होता. आणि चाचणीत पाठांतराचे प्रश्न होते तसे समजुतीचेही होते, दोन्हींत वाढ दिसली. आता त्याशेजारी केनियातला प्रयोग ठेवा. पॉल ग्लेवी, नौमन इलियास आणि मायकेल क्रेमर यांनी तो २०१० मध्ये मांडला. तिथे शाळेच्या नेहमीच्या परीक्षेच्या निकालावर शिक्षकांना बक्षिसे होती. शिक्षकांनी परीक्षेच्या तयारीचे जादा वर्ग घेतले, गुण वाढले. शिक्षकांची हजेरी बदलली नाही, शिकवण्याची रीत बदलली नाही, आणि कार्यक्रम संपल्यावर ती वाढही टिकली नाही. मोजावे की न मोजावे, हा वाद या दोन प्रयोगांनी निकालात काढला आहे. मोजावेच. काय मोजता, कोणाचे मोजता आणि किती काळाने मोजता, यावर शिक्षक काय करील ते ठरते. माझा ज्याला पाठिंबा आहे तो निम्मा भाग हाच: आकडा हवा. भिंतीवरच्या सुविचाराला उत्तरदायित्व म्हणता येत नाही.

याच ओघात पायाभूत साक्षरतेचा आक्षेप येतो. तिसरीतल्या मुलाला दुसरीचे पुस्तक वाचता येत नाही, तिथे दूरदृष्टीच्या गप्पा कसल्या? 'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत तिसरीची जी मुले दुसरीचा मजकूर वाचू शकत होती त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २०.९ टक्के, करोनानंतर २०२२ मध्ये १६.३ आणि २०२४ मध्ये २३.४ होते. २०२१ पासूनच्या निपुण भारत अभियानाने वाचनावर लक्ष एकवटले, त्याचा या वाढीत वाटा असावा असे मानायला जागा आहे. इथे माझा विरोधकांशी वादच नाही. अर्थ समजून वाचता येणे यापेक्षा दूरवर पुरणारे उद्दिष्ट प्राथमिक शाळेत दुसरे नाही. जवळचे असूनही ते दूरचे आहे. फक्त अभियानातल्या आकड्याचा वापर कसा होतो तिकडे लक्ष हवे. तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान साठ शब्द अर्थासह वाचावेत अशी अपेक्षा आहे. साठ शब्द घड्याळ लावून मोजता येतात, अर्थ तितका सहज मोजता येत नाही, त्यामुळे घाईत पहिला भाग राहतो आणि दुसरा गळतो. चंदगडी वळणाची, कानडी शब्द मिसळलेली बोली घरी बोलणारे मूल पाठ्यपुस्तकातले प्रमाण मराठीतले वाक्य खडखडीत वाचून दाखवते, आणि त्यात कोणी कोणाला काय दिले हे विचारले की गप्प होते. त्या मुलाच्या घरच्या भाषेतून पुस्तकाच्या भाषेपर्यंत पूल बांधायला वेळ लागतो. तो वेळ मिनिटाच्या काट्यावर दिसत नाही, पाचवीतल्या परिसर अभ्यासाच्या उत्तरात दिसतो.

इतिहासाचे उदाहरण तर नेसरीच्या दारातच आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि मारले गेले, हे इथल्या मुलांना शाळेत येण्याआधीपासून माहीत असते. स्मारक गावात आहे आणि कुसुमाग्रजांच्या कवितेने तो प्रसंग महाराष्ट्रभर पोचवला आहे. परीक्षेच्या मापाने हा प्रसंग एका रिकाम्या जागेत संपतो: साल, स्थळ, नाव. पण चौथीत शिवचरित्र का शिकवायचे, याचे उत्तर ज्याच्या मनात आहे तो शिक्षक इथे थांबणार नाही. आदल्या वर्षी उमराणीला कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सोडून दिल्याबद्दल महाराज प्रतापरावांवर का रागावले? मागे फौज असताना सेनापतीने असे जावे का? त्याच्या मृत्यूनंतर हंबीरराव मोहित्यांकडे सेनापतिपद कसे आले, आणि साडेतीन महिन्यांत राज्याभिषेक होऊ शकला तो कोणत्या बळावर? प्रतापरावांसोबत गेलेल्या सहा जणांची म्हणून सांगितली जाणारी नावे आपल्याला कुठून कळली? सभासदाची बखर घटनेनंतर दोनेक दशकांनी लिहिली गेली, मग तिच्यावर किती विसंबायचे? यातला एकही प्रश्न चौथीच्या मुलाला झेपणार नाही असा नाही, आणि एकाही प्रश्नाने शौर्याला बाधा येत नाही. पुढे मोबाइलवर आलेला प्रत्येक 'इतिहास' गिळायचा की त्याला 'हे कशावरून?' असे विचारायचे, ही सवय अशाच तासांत लागते किंवा लागत नाही. दूरचे उद्दिष्ट म्हणजे आजच्या धड्याला चिकटवलेले भाषण नसते. त्याच चाळीस मिनिटांत शिक्षक कोणता प्रश्न विचारतो आणि कोणता टाळतो, ते त्यावरून ठरते.

'पण हे तपासणार कसे?' या शेवटच्या आक्षेपाचे उत्तर मी आधीच अर्धे दिले आहे. दूरचे उद्दिष्ट तपासता येते, फक्त तपासणीची जागा पुढच्या वर्गात असते. किराबो जॅक्सन यांनी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनामधल्या नववीच्या शिक्षकांचा जो अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात मुलांची हजेरी, वर्तन, वरच्या वर्गात जाणे यांवर शिक्षकाचा पडणारा प्रभाव हा मुले शालेय शिक्षण पूर्ण करतील की नाही, याचा अंदाज गुणांवरील प्रभावापेक्षा चांगला देतो असे आढळले. हजेरी आपल्याकडे रोज भरली जाते. यूडायस आणि सरलवर प्रत्येक मुलाची नोंद आहे. चौथीनंतर मूल कुठल्या शाळेत गेले हे कळायला एक क्लिक पुरते, पण ती माहिती गणवेशाचे वाटप आणि पटपडताळणी यांपलीकडे शिक्षकाच्या हातात येत नाही. यावर म्हटले जाईल की शिक्षकाला श्वास घ्यायला वेळ नाही, कायद्याने जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे द्यावीत असे असताना माहितीचे तक्ते रोज मागवले जातात, आणि शिवाय बदली झाली की तो शिक्षक तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला. खरे आहे, आणि त्यामुळेच उद्दिष्ट एका शिक्षकाच्या मनात राहून चालत नाही, ते शाळेच्या कागदात उतरावे लागते. आज टाचण एका दिवसाचे, घटक नियोजन एका घटकाचे, वार्षिक नियोजन एका वर्षाचे. दुसरी ते आठवी असा आडवा जाणारा एकही कागद शाळेत नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले तेव्हा मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता: हजेरीचे रोजचे, कडक माप, आणि ते ज्यासाठी होते ती गोष्ट पिढ्यांनंतर फळ देणारी. माप आणि पल्ला एकत्र नांदू शकतात, याची साक्ष याच जिल्ह्यात आहे.

तेव्हा मागणी छोटी आहे. नेसरीसारख्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत दर वर्षी एकदा, पहिली घटक चाचणी झाल्यावर, ज्या हायस्कूलमध्ये या शाळांची मुले जातात तिथल्या पाचवी आणि आठवीच्या गणित-भाषेच्या शिक्षकांना बोलवावे. त्यांनी मुलांची नावे न घेता, शाळांची क्रमवारी न लावता, लिहून द्यावे: कोणत्या कल्पना पक्क्या आल्या, कोणत्या कच्च्या, मुले कुठे पाठांतरावर तगून आहेत. त्या कागदाची प्रत दुसरी-तिसरीच्या शिक्षकांच्या वार्षिक नियोजनाला जोडावी, आणि केंद्रप्रमुखाने भेटीच्या वेळी निकालाच्या तक्त्याआधी तो कागद मागावा. प्राथमिक आणि माध्यमिक विभाग वेगळे, परवानगी कोणी द्यायची, असा प्रश्न निघेल. तो जिल्हा परिषदेच्या एकाच इमारतीत बसणाऱ्या दोन शिक्षणाधिकाऱ्यांनी एका संयुक्त परिपत्रकाने सोडवावा.